बोटाएवढा बारगीर

टेबलावर मांडून खेळायच्या लढाईतला सैनिक पायापासून डोळ्यांपर्यंत साधारण २८ मिलिमीटर उंच असतो. माप डोळ्यांपर्यंतच घ्यायचं, कारण त्याच्या वर पगडी, टोपी, शिरस्त्राण काहीही असू शकतं. खेळ मुळात युरोपातला. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' हे नियमांचं पुस्तक लिहिलं आणि शिशाचे सैनिक पोरांच्या खोक्यातून निघून मोठ्या माणसांच्या हातात आले. आज या बाहुल्या बनवणाऱ्या मोठमोठ्या कंपन्या आहेत आणि नेपोलियनच्या एकेका पलटणीचा गणवेश बटणांसकट विकत मिळतो. मराठी फौजेला त्या दुकानांत जागा फार थोडी. असते तीही बहुधा असईच्या लढाईच्या निमित्तानं, कारण २३ सप्टेंबर १८०३ला आजच्या जालना जिल्ह्यातल्या त्या गावाजवळ शिंदे-भोसल्यांशी लढलेला वेलस्ली पुढे वॉटर्लूचा वेलिंग्टन झाला.

म्हणून मी ही फौज पुण्यातल्या फ्लॅटच्या उघड्या बाल्कनीत, घरीच घडवते. मूळ नमुना हातानं करायचा, त्यावरून सिलिकॉनचा साचा काढायचा आणि साच्यातून रेझिनचे शिपाई ओतायचे. या कामात जे हाताला पटलं ते इथं लिहिते आहे.

१. साच्याचा विचार आधी, मूर्तीचा मागाहून.

पेणला गणपतीच्या कारखान्यात मी गेले ती डोळ्यांची आखणी बघायला, आणि बघत बसले ते साचे. तिथले एक जुने कारागीर मूर्तीवरून रबरी साचा सोलून काढत होते. बाहेरचं प्लास्टरचं कवच आधीच उतरवून ठेवलेलं. मी विचारलं, रबर सगळीकडून असं सहज कसं निघतं? ते म्हणाले, "ताई, ते सोलताना नाही ठरत, घडवताना ठरतं. सोंड आणि पोट यांच्यात अडचण ठेवली की रबर तिथं धरलं गेलंच म्हणून समजा. मग एकतर सोंड जाते, नाहीतर साचा."

फुटभर मूर्तीला जे लागू आहे ते बोटाएवढ्या शिपायाला दहापट लागू आहे. कंबरेवर हात ठेवलेला सैनिक दिसायला रुबाबदार, पण कोपर आणि कूस यांच्यातल्या खिडकीत सिलिकॉन शिरतं आणि चौथ्या-पाचव्या ओताला तिथूनच फाटतं. ढाल छातीपासून सुटी धरली तरी हीच कथा. आता मी ढालीच्या मागची पोकळी पुट्टीनं भरूनच टाकते. रंगवताना तिथं काळी सावली दिली की भरलेलं आहे हे कुणाला कळतही नाही. या बाबतीत आपला अंगरखा फार उपकारी. त्याचा घेर दोन पायांमधली जागा नैसर्गिकपणे भरून काढतो. युरोपियन शिपायाच्या तंग तुमानीनं ही सोय होत नाही.

हातांची ठेवणही साच्याच्या जोडाला धरून हवी. तलवार उगारायची तर खांद्याच्या रेषेत, बाजूला. समोर रोखलेली तलवार दोन अर्ध्यांच्या साच्यातून नीट निघत नाही. तसा हात हवाच असेल तर तो वेगळा ओतून चिकटवायचा.

२. खरं प्रमाण डोळ्याला खोटं वाटतं.

या आकारात माणूस अंदाजे ५६ पट लहान झालेला असतो. तीन सेंटीमीटर रुंदीचं पातं अर्ध्या मिलिमीटरवर येतं आणि त्याची जाडी कागदापेक्षाही कमी होते. असं पातं घडवता येत नाही, ओतता येत नाही, आणि ओतलं तरी खेळताना टिकत नाही. म्हणून शस्त्रं जाड, पंजे मोठे, डोकं जरा थोराड, कपड्याच्या चुण्या खोल. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे करणाऱ्या कुंभारांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. त्यांची मिशी जाड असते, ढाल छातीएवढी असते, आणि गल्लीच्या टोकावरूनही मावळा ओळखू येतो. आपला शिपाईसुद्धा हातभर अंतरावरून बघायचा आहे. भिंगाखाली सुरेख आणि टेबलावर सपाट, असा नमुना मी बाजूला ठेवते.

३. पुट्टी थरांनी चढते.

या कामात जगभर 'ग्रीन स्टफ' नावाची इपॉक्सी पुट्टी वापरतात. निळी आणि पिवळी अशी दोन रंगांची पट्टी येते. मळून एकजीव हिरवी झाली की दीड तासाच्या आसपास काम करता येतं. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तेवढा वेळ मिळत नाही. पट्टीत दोन्ही रंग जिथं एकमेकांना चिकटलेले असतात तिथली चिंचोळी रेघ आधीच कडक झालेली असते. ती ब्लेडनं कापून टाकायची, नाहीतर मळताना कण राहतात आणि नेमके चेहऱ्यावर येतात. पिवळा भाग जास्त घेतला तर पुट्टी मऊ आणि चिकट राहते, ती चुण्यांना बरी. निळा वाढवला तर ताठ होते, ती शस्त्रांना आणि कडांना बरी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं एम-सील स्वस्त आहे, पण लवकर घट्ट होतं. ते मी फक्त आतला गाभा भरायला आणि बैठकीला वापरते.

आधी तांब्याच्या तारेचा सांगाडा: पाय, कणा, हात. त्यावर पातळ गाभा, आणि तो पूर्ण वाळू द्यायचा. मग पाय आणि सुरवार. ते वाळलं की अंगरखा, मग चेहरा, मग पागोटं. ओल्या थरावर दुसरा थर चढवला की कोपर घडवताना गाल दबतो. एका बैठकीत एकच गोष्ट करायची, मग ती छोटी का असेना.

मुंडासं कसं बांधते ते सांगते, कारण मराठी शिपाई ओळखू येतो तो तिथूनच. डोक्याची गोटी वाळलेली असावी. पुट्टीची शेवयीइतकी बारीक वळी करून ती कपाळावर तिरकी टेकवायची आणि डोक्याभोवती एक वेढा द्यायचा. दुसरी वळी पहिलीला ओलांडून उलट्या तिरक्या दिशेनं. तिसरी त्या दोन्हींच्या मधून. मग लाकडी दांडीत बसवलेली शिवणाची सुई पाण्यात बुडवून प्रत्येक वेढ्यावर दोन-तीन बारीक रेघा ओढायच्या, वेढ्याच्याच दिशेनं. रेघ आडवी गेली की कापड मेलं. शेवटी कानामागे एक टोक सुटं दाखवायचं, पण ते मानेला टेकलेलं हवं. पहिला मुद्दा इथंही लागू आहेच. सुई कोरडी पडली की पुट्टी ओढली जाते, म्हणून शेजारी पाण्याची वाटी कायम.

दातांच्या डॉक्टरांची जुनी हत्यारं या कामाला फार उपयोगी. दाताच्या कोरणीचं चपटं टोक अंगरख्याच्या बंदांसाठी जणू मुद्दाम केलंय.

४. बघितल्याशिवाय घडवू नका.

चित्रपटातले मावळे बघून घडवलेली फौज चित्रपटातल्यासारखीच दिसते. मी दोन ठिकाणी पुन्हा पुन्हा जाते. एक, थॉमस ब्रॉटन याचं पुस्तक. १८०९ साली तो दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याची पत्रं १८१३मध्ये रंगीत चित्रांसह छापली गेली. माणसं घोड्यावर कशी बसतात, शेला कुठं खोचतात, सामान कशावर लादतात, ते त्यात आहे. अर्थात ते १८०९चं आहे, शिवकाळाचं नव्हे. शिवकाळातला मावळा आणि असईत लढलेली, युरोपियन पद्धतीनं कवायत शिकलेली शिंद्यांची पलटण, यांच्यात सव्वाशे वर्षांहून जास्त अंतर आहे. दोघांना एकाच साच्यातून काढणं मला मान्य नाही.

दुसरं ठिकाण पुण्याचं केळकर संग्रहालय. दांडपट्टा काचेआड का होईना, प्रत्यक्ष बघितल्यावर मला माझी सगळी चित्रं बदलावी लागली. पट्ट्याच्या मुठीत पंजा पूर्ण आत जातो आणि मनगट जखडलं जातं. म्हणजे वार मनगटातून निघूच शकत नाही. तो खांद्यातून, कमरेतून निघतो. पट्टेकऱ्याचं सगळं शरीर त्या फेकीबरोबर वळलेलं हवं. हात एवढाच पुढे केलेला आणि बाकी अंग ताठ, असा पट्टेकरी शस्त्राचा अपमान आहे असं मला मनापासून वाटतं.

५. जे ओतायची गरज नाही ते ओतू नका.

मराठा स्वाराचा भाला लांब. तो रेझिनमध्ये ओतला तर वाकतो किंवा तुटतो, आणि साच्यातली ती बारीक नळी नेहमी अर्धवट भरते. मुठीत आरपार भोक ठेवायचं आणि ओतून झाल्यावर पोलादी तार घालायची. तारेचं टोक हातोडीनं चपटं करून घासलं की फाळ तयार. पट्ट्याचं पातंही मी पितळी तार चपटी करूनच लावते. मुलं खेळली तरी ते वाकतं, पण मोडत नाही.

६. सगळ्यांत जास्त वेळ साच्याच्या पहिल्या अर्ध्याला.

दोन अर्ध्यांचा साचा म्हणजे मोदकाच्या साच्याचीच रीत: दोन पाळी, मध्ये पोकळी, तळाशी तोंड. फरक एवढाच की इथं दोन्ही पाळी आपण एकामागून एक ओतायच्या असतात.

मुलांच्या ठोकळ्यांची चौकट करायची. तळाशी मऊ क्लेचा थर, त्यात नमुना बरोबर अर्धा रुतवायचा. हा 'बरोबर अर्धा' म्हणजेच सगळं कौशल्य. क्लेची कड शिपायाच्या अंगाला जिथं टेकते तिथंच पुढे प्रत्येक ओतावर रेघ उमटणार. ती बाहीच्या शिवणीवरून, अंगरख्याच्या कडेवरून, मुंडाशाच्या वेढ्याच्या खाचेतून नेली तर घासायचं काम निम्म्यावर येतं. चेहऱ्यावरून कधीही नेऊ नये. कडेची क्ले ओल्या ब्रशनं अंगाला अगदी घट्ट बसवायची. केसाएवढी फट राहिली तरी सिलिकॉन ती शोधून काढतं. पेनच्या टोपणानं क्लेत चार-पाच खड्डे पाडायचे, म्हणजे दोन्ही अर्धे पुन्हा नेमके जुळतील.

आता ओतायचं तोंड. शिपाई उलटा धरायचा, पाय वर. रेझिन पायांकडून आत जाईल, बुडबुडे वर येतील आणि बैठकीत अडकतील, जिथं ते कुणाला दिसणार नाहीत. उगारलेली तलवार अशा वेळी सगळ्यांत खाली असते, म्हणून ती आधी भरते. पण उलट्या शिपायाचं असं काही काही असतं जे वर टोक काढून बसतं: अंगरख्याची खालची कड, खाली सोडलेला हात, म्यानाचं टोक. प्रत्येक टोकापासून बैठकीपर्यंत हवेची बारीक वाट हवी. हे एकदा उमगलं की नमुना हातात घेऊन तो उलटा करून बघायची सवयच लागते. नवीन कुणी शिकायला आलं की मी त्यांना आधी हेच करायला लावते: उलटा धर आणि सांग, हवा कुठं अडकेल?

किती सिलिकॉन लागेल ते कळायला चौकटीत तांदूळ भरायचे आणि ते मापाच्या पेल्यात मोजायचे. पाणी नको, ओल मागे राहते. सिलिकॉन आणि हार्डनर वजनानंच घ्यायचे, डोळ्याच्या अंदाजानं नाही. पहिला थर ब्रशनं, चेहऱ्यावर आणि चुण्यांत फुंकर घालत. मग चौकटीच्या एका कोपऱ्यात उंचावरून बारीक धार, म्हणजे धारेतच बुडबुडे फुटतात आणि सिलिकॉन शिपायावर आपणहून चढत येतं.

वाळल्यावर उलटं करायचं, क्ले काढायची, नमुना जागचा हलवायचा नाही. मग सिलिकॉनवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात. सिलिकॉन इतर कशाला फारसं चिकटत नाही, पण सिलिकॉनला सिलिकॉन असं धरतं की दोन अर्ध्यांची एक वीटच हाती येते. व्हॅसलीन जाड लागलं तर त्याच्या ब्रशचे फराटे शिपायाच्या छातीवर उमटतात.

७. सिलिकॉनच्या जाती ओळखा.

बाजारात मुख्य दोन प्रकार: कथलाच्या संयुगानं घट्ट होणारं आणि प्लॅटिनमनं घट्ट होणारं. प्लॅटिनमवालं जास्त टिकतं, आकसत नाही, महाग असतं आणि नाजूक असतं. गंधक असलेल्या क्लेला किंवा लॅटेक्सच्या हातमोज्याला लागलं तर तेवढा भाग चिकटच राहतो. म्हणून नायट्राइलचे हातमोजे, आणि नव्या क्लेवर आधी थेंबभर ओतून बघायचं. कथलवालं स्वस्त आणि सोशिक, पण महिन्यांनी थोडं आकसतं. शिकताना तेच घ्यावं.

८. पावसाळ्यात पॉलियुरेथेन मिटून ठेवा.

आपल्या हवेत काम करणाऱ्यानं हे समजून घ्यायलाच हवं, कारण परदेशी पुस्तकांत त्याला एखादी ओळ मिळते. झटपट घट्ट होणारं पॉलियुरेथेन रेझिन आयसोसायनेटवर चालतं. त्याला पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि रेझिन फेसाळतं. जुलैत डबा उघडा राहिला, ढवळायला लाकडी काडी घेतली, धुतलेला साचा कोपऱ्यात दमट राहिला, यातलं काहीही पुरतं. शिपाई बाहेरून बरा दिसतो आणि कापला की आत जाळी. जून ते सप्टेंबर मी इपॉक्सी रेझिन वापरते. घट्ट व्हायला दिवस घेतं, पण त्या संथपणात बुडबुडे वर यायला सवड मिळते. पॉलियुरेथेनचे डबे घट्ट मिटून, सिलिका जेलच्या पुड्यांसकट कपाटात. ढवळायला प्लास्टिक किंवा स्टीलच.

पॉलियुरेथेनमधल्या आयसोसायनेटची वाफ दम्याला निमंत्रण देते. खोलीत ओतू नये, आणि वाळलेलं रेझिन घासताना मास्क हवा. ओलं करून घासलं तर आणखी बरं.

९. धातूचा मोह.

धातूच्या शिपायाला हातात जे वजन असतं ते रेझिनला नाही. वेल्स ज्या ब्रिटन कंपनीच्या सैनिकांशी खेळायचे, त्यांचं गुपितच ओतण्यात होतं. विल्यम ब्रिटननं १८९३मध्ये पोकळ ओताची पद्धत आणली: वितळलेला धातू साच्यात ओतायचा, भिंतीला थर धरला की उरलेला परत ओतून काढायचा. धातू कमी लागला, सैनिक स्वस्त झाले. पण तो धातू शिशाचा होता, आणि शिसं मी घरात आणत नाही. कितीही स्वस्त मिळालं, भंगारवाल्यानं गाडीच्या चाकाची वजनं हातात ठेवली, तरी नाही.

कथील मात्र आपल्या ओळखीचं आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावायला तेच वापरतात. ते २३२ अंशांना वितळतं, शिसं ३२७ला. साध्या सिलिकॉनला ही उष्णता फार दिवस सोसवत नाही. उष्णता सहन करणारं वेगळं सिलिकॉन मिळतं. ओतण्याआधी साच्यात टाल्कम पावडर भुरभुरायची, म्हणजे धातू बारीक जागांत धावतो. साच्यात किंवा पळीत पाण्याचा एक थेंब असला तर त्याची क्षणात वाफ होते आणि धातू उडतो. त्यामुळे गच्चीवर, कोरड्या दिवसात, पूर्ण बाह्या, बूट, चष्मा. स्वयंपाकाची भांडी या कामाला कधीच नाहीत, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर तर नाहीच. कुणी जुन्या प्रेशर कुकरमध्ये हवा भरून रेझिनचे बुडबुडे दाबायचा सल्ला दिला, तर तोही ऐकू नका. त्या कामासाठी केलेली टाकीच लागते.

१०. विकतच्या शिपायावरून साचा काढू नका.

साचा करता यायला लागला की कुणीतरी महागडा परदेशी शिपाई घेऊन येतं आणि म्हणतं, याचे वीस काढून दे. मी देत नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृतीच आहे, तळहाताएवढं असो की बोटाएवढं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, त्या गालाच्या हाडासाठी कुणीतरी किती वेळ सुई धरून बसलं असेल ते मला आता ठाऊक आहे.

११. घोडा एकदाच, पण आपला.

युरोपियन साच्यांतले घोडे उंच, भारी, तोफखान्याचे. मराठ्यांचं घोडदळ गाजलं ते दख्खनच्या भीमथडीसारख्या आटोपशीर, काटक तट्टांवर. म्हणून स्वार मराठी आणि खाली ऑस्ट्रियन घोडा, हे मला बघवत नाही. मी एकच भीमथडी घडवली: मान जरा खाली, शेपूट मागच्या पायाला टेकलेली, म्हणजे साच्यात अडकायला काही नाही. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, त्यामुळे बारगिरांची तुकडी एकाच घोड्यावरून, एकसारख्या खोगिरांनी निघाली तर खटकत नाही. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा घेऊन येई. त्याच्या घोड्याला मी ओतून झाल्यावर पुट्टीचं वेगळं खोगीर, वेगळे गोंडे, कधी गळ्यात पट्टा चढवते. स्वारांचं धडही एकच. डोकी आणि हात वेगळे ओतून अदलाबदल करते. चार डोकी आणि चार हात असले तरी सोळा माणसं निरनिराळी दिसतात.

सध्या टेबलावर तोफ ओढणारी बैलजोडी आहे. धडं झाली, वशिंड मनासारखं उतरलं, जू बसलं. अडलंय ते शिंगांपाशी. मागे वळलेली शिंगं मानेबरोबर ओतली तर साचा फाटतो, वेगळी ओतली तर जोड नाजूक राहतो, तारेची केली तर बुडाशी जाडी आणि टोकाला निमुळतेपणा मिळत नाही. या आठवड्यात एक जोडी तारेवर पुट्टी चढवून करते आहे आणि दुसरी वेगळ्या साच्यात, मुळाशी खिळ्याएवढी खुंटी ठेवून. दोन्ही बैलांना लावून, रंगवून, पोरांच्या हातात देणार आहे.